एक पुस्तक, एक व्हिडिओमाला आणि प सा ग ध

बडोद्याच्या कारेलीबागेतल्या एका ताईंचा प्रश्न आहे. वय सत्तेचाळीस. लहानपणी पेटीच्या दोन परीक्षा दिल्या होत्या, मग संसारात वाजवणं सुटलं. दिवाळीत भाच्याने कॉन्सर्ट आकाराचं युकुलेले, म्हणजे गिटारसारखं छोटं चार तारांचं वाद्य, भेट दिलं आणि पुन्हा हौस जागी झाली. त्या लिहितात: "घरात आता तीन पुस्तकं आहेत. एक नेटवरून उतरवलेलं जुनं इंग्रजी पुस्तक, एक गिटारचं, 'हेही चालेल' म्हणून दुकानात दिलेलं, आणि एक नुसत्या कॉर्डच्या आकृत्यांचं. फोनमध्ये साठेक व्हिडिओ साठवलेत. तीन महिने झाले, एक गाणं सलग वाजत नाही. कोणतं पुस्तक घेऊ आणि कोणाचे व्हिडिओ बघू?"

ताई, आधी उत्तर देतो, कारणं मागाहून. एकच पुस्तक घ्या आणि एकाच शिक्षकाची, पहिल्या धड्यापासून क्रमाने चालणारी व्हिडिओमाला धरा. पुढचे तीन महिने या दोहोंच्या बाहेर बघू नका. पुस्तकाकडून क्रम घ्या, व्हिडिओकडून उजवा हात घ्या, आणि गाणं मात्र स्वतःचं, तोंडपाठ असलेलं घ्या. पुस्तकाचं नाव मी मुद्दाम सांगत नाही. सतरा-अठरा वर्षं बडोद्यात गिटार आणि युकुलेले शिकवतोय, आणि एकाला मानवलेलं पुस्तक दुसऱ्याच्या घरी धूळ खात पडलेलं पुष्कळदा पाहिलंय. चांगलं पुस्तक कसं ओळखायचं हे एकदा कळलं की दुकानात उभ्या उभ्या दहा मिनिटांत निवडता येतं. व्हिडिओला तर पाच मिनिटं पुरतात.

पण पुस्तकाच्याही आधी तुमच्या तारा. तुम्ही पेटी वाजवलीय, म्हणून पेटीच्याच भाषेत सांगतो. पांढरी एकला सा धरा. युकुलेले हातात घेतल्यावर छताकडची तार चौथी, जमिनीकडची पहिली. चौथीपासून खाली येत मोकळ्या तारा एकेक छेडल्या की ऐकू यायला हवं: प, सा, ग, ध. यांचीच इंग्रजी नावं जी, सी, ई, ए. चारही स्वर एकाच मध्य सप्तकातले आहेत. म्हणजे चौथी तार हाताला सगळ्यात वर लागते म्हणून ती खर्जाची नाही. तिचा प हा शेजारच्या सा आणि ग यांच्याही वरचा आहे. युकुलेलेचा तो खुळखुळता, हसरा आवाज येतो तो यातूनच. पहिल्या तारेचा ध म्हणजे ४४० कंपनांचा ए. क्लिप लावायचा ट्यूनर असेल तर उत्तम, नसेल तर पेटी आहेच. पांढरी एकवरून हे चार स्वर मिळवून घ्या. तारा नव्या असतील तर पहिला आठवडा-दहा दिवस त्या ताणल्या जात राहतात आणि दर पाच मिनिटांनी उतरतात. त्यात तुमची किंवा वाद्याची काही चूक नाही, परत परत लावत राहायचं.

सोप्रानो, कॉन्सर्ट आणि टेनर या तिन्ही आकारांना आज हेच ट्यूनिंग चालतं. बॅरिटोन मात्र वेगळं. त्याच्या तारा डी, जी, बी, ई, म्हणजे गिटारच्या पहिल्या चार तारांसारख्या. म्हणून कोणतंही पुस्तक हातात घेतलं की मुखपृष्ठ आणि प्रस्तावना सोडून आधी ट्यूनिंगचं पान काढा. तिथे जी, सी, ई, ए दिसलं तर पुढे वाचा.

तुमच्या त्या जुन्या पुस्तकातली गडबड बहुधा इथेच आहे. यामागे थोडा इतिहास आहे. २३ ऑगस्ट १८७९ ला रेव्हनस्क्रॅग नावाचं जहाज मदेरा बेटावरच्या पोर्तुगीज लोकांना घेऊन होनोलुलूच्या बंदराला लागलं. त्यांच्याबरोबर माचेटे नावाचं छोटं चार तारांचं वाद्य होतं. त्याच जहाजाने आलेल्या मॅन्युएल नुनेस, ऑगस्टो डियास आणि जोझे दो एस्पिरितो सांतो या तीन सुतारकाम जाणणाऱ्यांनी पुढे हवाईत ते वाद्य घडवायला घेतलं आणि त्यातून युकुलेले आलं. ते शिकवणारं पहिलं पुस्तक हवाईचेच वादक अर्नेस्ट काई यांनी १९०६ मध्ये काढलं. १९१५ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोला मोठं प्रदर्शन भरलं, तिथे अमेरिकेने हवाईच्या वादकांना ऐकलं, आणि मग दारोदारी युकुलेले आणि त्याची पुस्तकं झाली. त्या काळातल्या बऱ्याच अमेरिकन पुस्तकांत ट्यूनिंग चढं आहे: ए, डी, एफ शार्प, बी. पेटीवर वाजवून बघा, हेही प सा ग धच आहे, फक्त सा पांढरी दोनचा. हक्कांची मुदत संपल्यामुळे नेटवर फुकट मिळणाऱ्या जुन्या पुस्तकांत अशी पुस्तकं भरपूर असतात.

एक निवृत्त गृहस्थ माझ्याकडे आले होते. चार महिने असंच एक पुस्तक आणि सोबत आजचे व्हिडिओ घेऊन बसले होते. पुस्तकातला सी आणि व्हिडिओतला सी बोटांना वेगळ्या जागी सापडे, दोन्ही बरोबर वाटत आणि एकमेकांशी कधी जुळत नसत. आपला कान गेला, आता वय झालं, असं त्यांनी मनाशी धरलं होतं. वाद्य विकायला काढायच्या आधी एकदा दाखवावं म्हणून आले. त्यांच्या कानात काहीही दोष नव्हता. पुस्तक पांढरी दोनमध्ये बोलत होतं, व्हिडिओ पांढरी एकमध्ये. दोन मिनिटांत उलगडा झाला, पण ते चार महिने त्यांनी स्वतःला दोष देत काढले याचं मला आजही वाईट वाटतं.

आता पुस्तकाकडे. पुस्तकावरून वाद्य येतं का, ही शंका घरोघरी निघते. निदान बडोद्यात ती निघू नये. सयाजीराव महाराजांनी १८८६ मध्ये इथे गायनशाळा सुरू केली आणि ती उस्ताद मौलाबक्षांच्या हाती दिली. होनोलुलूला ते जहाज लागून तेव्हा सातच वर्षं झाली होती. मौलाबक्षांनी स्वतःची स्वरलिपी बसवली होती आणि गाणं कागदावर उतरवून वर्गातल्या मुलांना शिकवता येतं यावर त्यांचा भरवसा होता. त्यांचे नातू, सूफी संगीतकार इनायत खान, १८८२ मध्ये इथेच जन्मले. सुरसागर तलावाजवळची आजची परफॉर्मिंग आर्ट्स फॅकल्टी त्याच शाळेचा वारसा चालवते. तिथून जाताना मला नेहमी एक गोष्ट आठवते: स्वरलिपी हाताशी असूनही मौलाबक्षांनी शाळा चालवली, समोर बसवून शिकवलं. कशानंतर काय घ्यायचं ते कागद चांगलं सांगतो. हात कसा हलतो ते बघावंच लागतं.

म्हणून पुस्तकाची परीक्षा क्रमावर घ्या. पंधरावं-विसावं पान उघडा. तिथपर्यंत दोन कॉर्डवर (कॉर्ड म्हणजे एकत्र वाजणारे तीन-चार स्वर) चालणारं एखादं पूर्ण गाणं आलेलं असलं पाहिजे. नुसती माहिती, वाद्याच्या भागांची नावं, लाकडाचे प्रकार, इतिहास यातच वीस पानं गेली असतील तर ठेवून द्या. मग कॉर्ड कोणत्या ओळीने येतात ते बघा. युकुलेलेवर सी हा एका बोटाचा कॉर्ड: पहिल्या तारेवर तिसऱ्या फ्रेटला, म्हणजे मानेवरच्या आडव्या पट्ट्यांनी पडलेल्या तिसऱ्या कप्प्यात, अनामिका, बाकी तीन तारा मोकळ्या. ए मायनर तर त्याहून सोपा, चौथ्या तारेवर दुसऱ्या फ्रेटला मधलं बोट. त्या बोटाला न उचलता दुसऱ्या तारेच्या पहिल्या फ्रेटवर तर्जनी ठेवली की झाला एफ. त्यानंतर तीन बोटांचा जी सेव्हन. सी, ए मायनर, एफ, जी सेव्हन, साधारण या वळणाने जाणारं पुस्तक शिकवणाऱ्या माणसाने लिहिलेलं असतं, कारण दर वेळी एखादंच बोट नवीन जागी जातं. याउलट पहिल्या चार-पाच धड्यांतच ई मेजर आला तर समजा की लेखकाने गिटारचं पुस्तक युकुलेलेला नेसवलंय. गिटारवर ई सोपा आहे, म्हणून तिथे तो आधी येतो. युकुलेलेवर त्याच ई ला तीन तारा चौथ्या फ्रेटवर एकत्र दाबाव्या लागतात, आणि शिकलेल्यांच्याही कपाळावर आठी येते.

तुमचं ते नुसत्या आकृत्यांचं पुस्तक शब्दकोशासारखं आहे. अडलं तर उघडायला चांगलं, पण त्यावरून बोलायला येत नाही. ते ठेवा आणि वर्षभर विसरा.

आकृती वाचताना बहुतेकांचा जो घोळ होतो तो चांगलं पुस्तक सुरुवातीलाच सोडवतं. कॉर्डच्या आकृतीत उभ्या रेघा म्हणजे तारा, आणि डावीकडची पहिली रेघ म्हणजे चौथी तार, आपला प. टॅबमध्ये, म्हणजे कोणत्या तारेवर कुठे बोट ठेवायचं ते आकड्यांनी दाखवणाऱ्या लिपीत, मात्र रेघा आडव्या असतात आणि सगळ्यात वरची रेघ ही पहिली तार, आपला ध. वाद्य मांडीवर धरून पाहिलं तर ती सगळ्यात खाली असते, म्हणून टॅब उलटा वाटतो. वाद्य थोडं आपल्याकडे कलवून वरून खाली बघितलं की कागद आणि तारा एका ओळीत येतात. हे चित्रासह समजावलेलं आहे का बघा. नसेल तर पुढेही लेखकाने वाचकाचा विचार केलेला नसणार.

स्टाफ नोटेशन, त्या पाच रेघा, सुरुवातीला लागत नाही. पण पुस्तकात पाच रेघा आणि त्यांच्याखाली टॅब असं दोन्ही असेल तर तुमच्यासारखीला ते फार सोयीचं. टॅबवरून स्वर काढा आणि पेन्सिलने खाली सरगम लिहा. आठ-दहा ओळी लिहून झाल्या की पाच रेघा आपोआप ओळखीच्या वाटायला लागतात. मला सरगम येणारा विद्यार्थी मिळाला की आनंद होतो तो यासाठी. त्याच्याकडे निम्मं काम झालेलं असतं आणि त्याला ते माहीतच नसतं.

आणखी एक गोष्ट, जी कोणी सांगत नाही: पुस्तक उघडं ठेवल्यावर उघडं राहिलं पाहिजे. दोन्ही हात वाद्यात गुंतलेले असताना पान मिटलं की मनही मिटतं. स्पायरल बाइंडिंग सगळ्यात चांगलं. नसेल तर कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडून आपल्या पुस्तकाला करून घ्या, दहा मिनिटांचं काम आहे. अक्षर हातभर अंतरावरून वाचता येतंय ना, तेही दुकानातच तपासा. चाळिशीनंतर हे फार महत्त्वाचं ठरतं.

पुस्तकांचा खरा तोटा गाण्यांचा. त्यांत अमेरिकन मुलांना पाळण्यापासून माहीत असलेली गाणी असतात. त्यांना चुकलं की कानच सांगतो. आपल्याला ते गाणं मुळात कसं आहे हेच ठाऊक नसतं, मग चूक कोण दाखवणार? म्हणून पुस्तकातला कॉर्डबदलाचा सराव पुस्तकातल्या गाण्यावर एकदा करा आणि लगेच घरच्या गाण्यावर न्या. घरी रोज म्हटली जाणारी आरती, शाळेतली एखादी प्रार्थना, बालगीत, यांतली बरीचशी सी, एफ आणि जी सेव्हनमध्ये बसतात. कॉर्ड कुठे बदलायचा हे शोधताना सा वर सूर थांबला की सी, प वर थांबला की जी सेव्हन किंवा सी, म किंवा ध वर रेंगाळला की एफ, एवढं धरून चाचपडा. चार वेळा चुकेल, पाचव्यांदा कान हो म्हणेल. मींड आणि रागाच्या अंगाने जाणारी गाणी मात्र सध्या बाजूला ठेवा; तिथे कॉर्ड सूर झाकतात.

गाताना पट्टीचा प्रश्न येईल, आणि इथेच पुष्कळ बायका युकुलेले सोडतात. पुस्तकातली गाणी सी मध्ये, म्हणजे पांढरी एकमध्ये. तुमचा गळा काळी चार किंवा काळी पाचचा असेल तर गाणं एकतर फार वर जाईल नाहीतर खाली बुडेल. मग वाटतं, आपल्याला गाता गाता वाजवणं जमणार नाही. उपाय साधा आहे. पहिल्या फ्रेटवर कॅपो, म्हणजे सगळ्या तारा एकदम दाबणारा चिमटा, लावा आणि जी च्या कुटुंबातले कॉर्ड धरा, म्हणजे जी, सी, डी सेव्हन. आवाज काळी चारचा येईल. कॅपो तिथेच ठेवून ए, डी, ई सेव्हन धरले की काळी पाच. पुस्तकात जी आणि ए या पट्ट्यांचे धडे आहेत का हे म्हणून बघायचं. सगळं पुस्तक सी आणि एफ मध्येच फिरत असेल तर तुमच्या गळ्याला ते अपुरं पडेल.

आता व्हिडिओ. साठ व्हिडिओ म्हणजे साठ शिक्षक, आणि साठ जण एकाच वेळी शिकवायला लागले तर कोणीही गोंधळेल. फोनमधली ती यादी पुसून टाका. भीती वाटत असेल तर वहीत नावं उतरवा आणि मग पुसा.

व्हिडिओतून घ्यायची मुख्य गोष्ट उजवा हात. डावा हात आकृतीतून कळतो. मनगट किती सैल आहे, तर्जनी तारांवरून जाताना नख लागतं की मांस, हात कुठे आघात करतो, हे कागदावर कितीही लिहिलं तरी पोचत नाही. चांगल्या शिक्षकाचा हात बहुधा मान आणि वाद्याचं धड जिथे जोडलं जातं त्या भागावर असतो. आवाजाच्या भोकावर कडक प्लास्टिकच्या पिकने मारत असेल तर तो गिटारचा माणूस आहे. वादक चांगला असेलही, पण युकुलेलेची पहिली सवय त्याच्याकडून लावू नका.

दोन परीक्षा सांगतो. आधी आवाज बंद करून दोन मिनिटं बघा. दोन्ही हात चौकटीत दिसतायत का, आणि नुसतं बघून हात काय करतोय ते कळतंय का? शिक्षकाचा चेहराच मोठा दिसत असेल तर पुढचा शोधा. मग तोच व्हिडिओ डोळे मिटून ऐका. कॉर्ड कधी बदलला ते ऐकू येतंय का? मागे ढोल, बासरी आणि कीबोर्डचा ट्रॅक इतका भरलेला असतो की युकुलेले ऐकूच येत नाही, असे व्हिडिओ दिसायला सुंदर असतात आणि शिकायला निरुपयोगी. या दोन्हींत उतरला तर एवढंच बघा की शिक्षक सुरुवातीला ट्यूनिंग करून घेतो का, तोंडाने मात्रा मोजतो का, आणि एकदा तरी अगदी संथ लयीत पूर्ण वाजवून दाखवतो का. धडे क्रमांकाने आहेत ना, तेही. आठ-पंधरा मिनिटांचा धडा पुरेसा.

समोर बसलेला शिक्षक आरशातल्यासारखा नसतो हे लक्षात ठेवा. त्याचा डावा हात तुमच्या उजवीकडे दिसतो. घाबरून वाद्य उलटं धरणारे मी पाहिलेत. खांद्यावरून खाली बघणारा कॅमेरा मध्येमध्ये असेल तर ही अडचणच उरत नाही. वेग जास्त वाटला तर सेटिंगमध्ये जाऊन पाऊणपट करा. यूट्यूबवर वेग कमी केला तरी पट्टी तीच राहते, म्हणून सोबत वाजवता येतं. अर्ध्याच्या खाली नेऊ नका, आवाज फाटतो.

स्क्रीनवर सरकत्या कॉर्डचे सोबत-वाजवा व्हिडिओ असतात, ते तीन महिन्यांनंतर. डोळे स्क्रीनला चिकटतात आणि व्हिडिओ बंद केला की गाणं गायब होतं. एका दिवसात शिका, चार कॉर्डमध्ये शंभर गाणी, असल्या मथळ्यांवर वेळ घालवू नका. आणि मोठ्या वादकांचे व्हिडिओ जरूर ऐका, जेक शिमाबुकुरो यांचं वादन ऐकून या छोट्या वाद्यात केवढी जागा आहे ते कळतं. फक्त ऐकताना वाद्य हातात नको. ते जेवण झाल्यावर, निवांत.

हिंदी गाण्यांचे भारतीय शिक्षकांचे व्हिडिओ मला आवडतात, कारण चाल आपल्या कानातली असते. पण त्यांतले काही गिटारचे कॉर्ड जसेच्या तसे उचलतात. चार बोटांचे अवघड आकार पहिल्याच धड्यात आले तर तो व्हिडिओ नंतरसाठी.

स्ट्रमिंगचा, म्हणजे तारांवरून हात वर-खाली फिरवण्याचा, एक नमुना तुम्हाला प्रत्येक व्हिडिओमालेत भेटेल, आणि तुमच्यासाठी तो मुळीच परका नाही. सरोदचे बोल घ्या: खाली जाणारा हात दा, वर येणारा रा. केरवा तालाच्या आठ मात्रा मोजा. पहिलीला दा, दुसरी रिकामी, तिसरीला दा, चौथीला रा, पाचवी रिकामी, सहावीला रा, सातवीला दा, आठवीला रा. गंमत म्हणजे पाचव्या मात्रेला, जिथे केरव्याची 'खाली', म्हणजे टाळी नसलेली जागा, येते, तिथेच हात तारांना न लागता खाली जातो. रिकाम्या मात्रेला हात थांबवायचा नाही, फक्त तारा चुकवायच्या. विषम मात्रेला हात नेहमी खाली, सम मात्रेला नेहमी वर. इंग्रजी व्हिडिओत हेच बाणांनी दाखवतात आणि माणसं बाण पाठ करत बसतात. टाळी-खाली कळणाऱ्याला बाण लागत नाहीत. दादरा हवा असेल तर सहा मात्रा: दा, रिकामी, दा, रा, दा, रा. पुस्तकात स्ट्रमिंगची आकृती आली की तिच्याखाली हे बोल लिहून ठेवा.

दोन्ही एकत्र कसं वापरायचं? मी विद्यार्थ्यांना असं करायला लावतो. रविवारी एक धडा बघायचा, वाद्य कव्हरमध्येच ठेवून, वही-पेन घेऊन. बंदिश उतरवता तसंच उतरवायचं: वर मात्रा, खाली शब्द, शब्दांवर कॉर्ड. मग त्याच धड्याशी जुळणारं पुस्तकातलं पान शोधायचं. सोमवार ते गुरुवार फक्त वही आणि पुस्तक, रोज वीस मिनिटं, त्यांतली शेवटची पाच आपल्या आरतीला. व्हिडिओ शुक्रवारीच परत उघडायचा, आणि आता सोबत वाजवायचं. कुठे वेगळं होतंय ते त्या दिवशी स्वच्छ कळतं. रोज व्हिडिओ लावून वाजवणाऱ्यापेक्षा असं करणारे माझे विद्यार्थी लवकर पुढे गेले आहेत. मधल्या चार दिवसांत त्यांना स्वतःला आठवावं लागतं.

एक काम मात्र पुस्तकही करत नाही आणि व्हिडिओही नाही: तुमच्याकडे बघणं. तुमचा खांदा चढलाय, अंगठा मानेच्या वर डोकावतोय, बोट फ्रेटच्या मधोमध पडतंय म्हणून तार भुणभुणतेय, हे त्यांना दिसत नाही. आठवड्यातून एकदा फोन समोर टेकवून एक मिनिटाचं चित्रण करा आणि शिक्षकाच्या व्हिडिओशेजारी ठेवून बघा. आणि महिना-दीड महिन्यात एकदा तरी कोणा जाणकाराला भेटून अर्धा तास दाखवा. मग तो गिटारचा असला तरी चालेल. मनगट दुखत असेल तर महिन्याची वाट बघू नका, लगेच दाखवा.

तुमच्या पत्रात नाही, पण हे वाचणाऱ्या आईवडिलांसाठी थोडक्यात. सात-आठ वर्षांच्या मुलाला सोप्रानो द्या आणि एका तारेवरच्या छोट्या चालींनी सुरू होणारं पुस्तक घ्या. मोठी चित्रं, एका पानावर एकच गोष्ट. पाच मिनिटांहून लांब व्हिडिओ नको, आणि तो मुलासोबत बसून बघायचा. परदेशातल्या नातेवाइकाने शाळेची पुस्तकं पाठवली तर ट्यूनिंग तपासा: कॅनडात जे. चाल्मर्स डोन यांनी १९६० च्या दशकाच्या अखेरीस शाळांमध्ये युकुलेले रुजवलं ते चढ्या, पांढरी दोनच्या ट्यूनिंगवर.

दुसरं पुस्तक कधी घ्यायचं? पहिल्यातली तीन-चार गाणी आणि घरची दोन, कागदाशिवाय आणि न थांबता वाजली की. तेव्हा बोटांनी तारा छेडण्याचं, म्हणजे फिंगरपिकिंगचं घ्या. त्या वेळी एवढंच बघा की ते लो जी साठी लिहिलेलं नाही. काही वादक चौथी तार बदलून तिथे खालच्या सप्तकातला प लावतात आणि त्यांची पुस्तकं तशी असतात. तुमच्या वाद्यावर त्यातल्या खालच्या सुरांच्या ओळी अचानक वर उडी मारतील.

राहिलं तुमचं ते जुनं पुस्तक. गिटारचं कुणा गिटारवाल्याला देऊन टाका, पण हे टाकू नका. त्यातल्या आकृत्या सगळ्या बरोबर आहेत, फक्त नावं एका पूर्ण स्वराने वरची आहेत. त्याचा डी म्हणजे तुमचा सी, त्याचा जी म्हणजे तुमचा एफ, त्याचा ए सेव्हन म्हणजे तुमचा जी सेव्हन. तारा ताणून त्या ट्यूनिंगला नेऊ नका, कॉन्सर्टच्या लांबीवर त्या फार कडक होतात. दुसऱ्या फ्रेटवर कॅपो लावा. मोकळ्या तारा लगेच ए, डी, एफ शार्प, बी बोलायला लागतील आणि शंभर वर्षांपूर्वीचं ते पुस्तक जसं छापलंय तसं वाजेल.